पुन्हा पुन्हा येणारे फोड आणि रोजची गोळी

आजचा विषय बचत गटाच्या बैठकीत कुणी मोठ्याने काढत नाही. हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की एखादी ताई मागे रेंगाळते आणि हळूच सांगते, "खालच्या जागेवर फोड येतात. आठ दिवसांत जातात, दोन महिन्यांनी परत हजर." कुणी त्याला गरमी म्हणतं, कुणी नागीण.

पाण्याने भरलेले, आग होणारे, फुटून जखम होणारे फोड त्याच भागात पुन्हा पुन्हा येत असतील, तर तो हर्पिस असू शकतो. नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा. हर्पिसचा विषाणू एकदा अंगात शिरला की कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंत दबा धरून बसतो. तिथून त्याला कायमचं हुसकावणारं औषध अजून निघालेलं नाही. आजारपण, मनाचा ताण, पाळी असं निमित्त मिळालं की तो वर येतो. कधी निमित्तही लागत नाही.

यावरून घरं मोडायची वेळ येते, म्हणून एक गोष्ट नीट ऐका. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कित्येकांना तो आपल्या अंगात आहे हे ठाऊकच नसतं. त्यामुळे आज फोड दिसले म्हणजे बाईने किंवा नवऱ्याने आत्ताच बाहेर काही केलं, असं त्यावरून ठरवता येत नाही.

आता औषधाचं. सरकारी दवाखान्यांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हर्पिससाठी लाल रंगाचा औषधसंच असतो. त्यात असायक्लोविरच्या गोळ्या असतात, ४०० मिलिग्रॅमची एक, दिवसातून तीनदा, सात दिवस. त्याने आलेले फोड लवकर सुकतात. पुढचे मात्र थांबत नाहीत. ज्यांना वर्षातून सहा किंवा जास्त वेळा त्रास होतो, त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे. फोड असोत नसोत, गोळी रोज घ्यायची. असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, किंवा व्हॅलासायक्लोविर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. कुणाला किती, ते डॉक्टर ठरवतात. अशाने फोड येण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे वर्षाला दहादा येणारे दोन-तीनदाच येतील. कितीतरी जणींना तर येतच नाहीत.

ही गोळी म्हणजे शेतावरचा राखणदार. तो विषाणूला मारत नाही, वाढू देत नाही. गोळी बंद केली की फोड परत येऊ शकतात.

"रोज गोळी घेऊन किडनी जाईल ना?" हा प्रश्न हमखास येतो. असायक्लोविर सहा-सहा वर्षांहून जास्त काळ रोज घेतलेल्या लोकांची पाहणी झाली आहे आणि ते सुरक्षित ठरलं आहे. किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगायचं. पाणी भरपूर प्यायचं. आणि ही गोळी जन्मभराची नसते. वर्षांमागून वर्षं फोड आपोआप विरळ होत जातात, म्हणून दर वर्षी डॉक्टरांशी बोलून थांबवून पाहता येते. (जाता जाता, हे औषध ज्यांच्या चमूने तयार केलं त्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली नोबेल मिळालं.)

नवऱ्याला लागण होईल का? २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात रोज व्हॅलासायक्लोविर घेणाऱ्यांच्या जोडीदारांना लागण जवळपास निम्मी झाली. निम्मीच, म्हणून निरोध हवाच. फोड असताना, किंवा त्या जागी मुंग्या-जळजळ सुरू झाली तरी, संबंध टाळायचा.

दिवस गेले असतील तर मात्र लाज बाजूला ठेवून हे डॉक्टरांना सांगाच. छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळ्या देतात. बाळंतपणाच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात, कारण बाळाला लागण झाली तर जिवावर बेतू शकतं.

दवाखान्यात शक्यतो फोड ताजे असतानाच जा, म्हणजे निदान नीट होतं. एचआयव्ही आणि उपदंशाची तपासणीही करून घ्या. नुसत्या मलमावर विसंबू नका. त्याचा उपयोग फारच थोडा. हळद, लिंबू तर लावूच नका, जखम चिघळते. समोर बोलायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आणि फोड आले की कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा. वर्षभरात किती फुल्या झाल्या, ते डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, "मला रोजची गोळी चालेल का?"