देवीचा पलंग आणि घरचा पलंग

विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर तुळजापूरची आई भवानी श्रमनिद्रेसाठी पलंगावर विराजमान होते. महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण जगन्माता या विश्रांतीत घालविते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पुणे जिल्ह्यातील घोडेगावी घडविलेला हा लाकडी पलंग दरवर्षी नवा येतो. कोजागरीस देवी पुन्हा सिंहासनारूढ होते. जेथे देवतेच्या शय्येचा एवढा मान, तेथे वाडवडिलांच्या पलंगाची घरात उपेक्षा व्हावी, हे शोभणारे नव्हे.

आजोबांच्या काळचा सागवानी वा शिसवी पलंग केवळ चमक गेली म्हणून अडगळीत पडतो किंवा मातीमोलाने विकला जातो. वस्तुतः बहुधा लाकूड शाबूत असते. जीर्ण झालेले असते ते वरचे पॉलिश. ते घरच्या घरी नवे करता येते, आणि त्यास कोजागरी ते वसुबारस हा काळ सर्वथा अनुकूल आहे. पावसाळी दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. आश्विनाच्या उत्तरार्धात हवा कोरडी होते. शिवाय पॉलिशचे स्पिरिट ज्वालाग्राही असते. नवरात्रात अखंड नंदादीप तेवतो, दिवाळीत दारोदारी पणत्या लागतात. म्हणून हे काम या दोन पर्वांच्या मध्येच उरकावे. तेही मोकळ्या ओसरीवर किंवा गच्चीत, समई व चुलीपासून दूर.

प्रथम पलंगाच्या आतल्या बाजूस स्पिरिटने ओला केलेला बोळा चोळून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश समजावे. असे पॉलिश समूळ खरवडण्याचे कारण नाही. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. सांध्यांतील धूळ व ढेकूण काढून, बारीक पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण दीडशे ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. घाईने दिलेल्या एका जाड थरापेक्षा सात-आठ पातळ हात अधिक टिकतात.

पलंगावर जुना तैलरंग असेल, तर मात्र विशेष सावधगिरी हवी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये, जाळू तर मुळीच नये. तो पाण्याने ओला करून घासावा, नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी बांधावी, ओल्या फडक्याने जागा पुसून घ्यावी आणि बालके व गर्भवती स्त्रिया यांना तेथून दूर ठेवावे. रंग जागोजागी पोपडे धरत असेल, तर हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

लक्ष्मी स्वच्छतेत वास करते, असे आपण मानतो. ती स्वच्छता केवळ दर्शनी दालनापुरती नसावी. ज्या पलंगावर घराच्या पिढ्या वाढल्या, आजारपणे निभावली गेली, वडीलधाऱ्यांनी अखेरचा विसावा घेतला, त्यावरून मायेने फिरविलेला हात हीदेखील पूर्वजांची सेवाच होय.