प्रथमपुरुषी खेळातली गोष्ट

‘बंदूक घेऊन धावायच्या खेळात कथा ती काय असणार?’ हा प्रश्न साहित्यप्रेमी मंडळींकडून मी अनेकदा ऐकला आहे. १९९३ च्या ‘डूम’पुरता तो रास्त होता. मंगळाच्या उपग्रहांवर राक्षस अवतरले आहेत, त्यांना मारा. एवढीच त्याची कथा, आणि तीही टप्प्यांच्या शेवटी चार ओळींत वाचायला मिळे. १९९८ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ’ने मात्र या प्रश्नाचे उत्तर बदलले.

या प्रकाराला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. नायक पडद्यावर दिसत नाही. दिसतात त्याचे हात आणि हातातले शस्त्र. बाकी सारे आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. व्याकरणातला प्रथमपुरुष तो हाच. फरक एवढाच की, कादंबरीतला ‘मी’ बहुधा घडून गेलेले सांगतो; खेळातल्या ‘मी’ला पुढच्या वळणावर काय आहे, हेही ठाऊक नसते.

‘हाफ-लाइफ’ सुरू होतो तो एका ट्रामच्या डब्यात. गॉर्डन फ्रीमन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या एका भूमिगत प्रयोगशाळेत कामाला निघाला आहे. डब्यात फिरता येते, खिडकीतून पाहता येते. उतरता मात्र येत नाही. बाहेर कुलूपबंद दारावर थापा मारणारा पहारेकरी दिसतो, सांडलेला किरणोत्सारी कचरा दिसतो. ही जागा बाहेरून शिस्तीची, आतून ढिसाळ आहे, हे कोणी न सांगता कळते. पुढे प्रयोग फसतो, दुसऱ्या विश्वाचे दार उघडते आणि तिथले जीव आत येतात. सुटकेसाठी सैन्य येत असल्याची बातमी पसरते. एक शास्त्रज्ञ आनंदाने सैनिकांकडे धावतो आणि ते त्याला गोळी घालतात. इथेही निवेदक नाही. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी कळफलकावरची बोटे उचलून नुसता बसून राहिलो होतो. पुस्तकात हा प्रसंग वाचला असता. इथे मी त्याचा साक्षीदार होतो.

खेळाचे लेखक मार्क लेडलॉ हे मुळात कादंबरीकार. त्यांच्या नायकाने संपूर्ण खेळात एक शब्दही उच्चारलेला नाही आणि कॅमेरा कधी त्याच्या डोळ्यांबाहेर गेलेला नाही. इथे लेखकाचे काम वाक्य रचण्याचे कमी आणि जागा व वेळ रचण्याचे अधिक असते: कोणते दार बंद ठेवायचे, कोणता आवाज भिंतीपलीकडून आणायचा. आपण मोकळे आहोत असे खेळाडूला वाटते. प्रत्यक्षात रूळ आधीच टाकलेले असतात. सुरुवातीची ट्राम म्हणजे या प्रकाराची व्याख्याच.

आता पुण्याकडे वळू. इथल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. कथा आहे, पण ती पुराणाच्या वळणाची आणि नायिकेकडे बाहेरून पाहणारी. ‘सुपरगेमिंग’ या पुण्याच्याच कंपनीचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला. भारतीय वळणाचे भविष्य, यक्षांचे अवशेष असलेले विरलोक, तिथले ‘कॉस्मियम’ हे दुर्मीळ द्रव्य: सामग्री अस्सल विज्ञानकथेची आहे. कॉस्मियम हस्तगत केले की सामना जिंकता येतो. म्हणजे कथेतली वस्तू थेट नियमात उतरली आहे, आणि ही युक्ती दाद देण्याजोगी आहे. पण हा ‘बॅटल रॉयल’ आहे. प्रत्येक सामना नव्याने सुरू होतो. कालच्या सामन्यातले आज कोणाला आठवायचे नसते. अशा रचनेत कथा पार्श्वभूमी होऊ शकते, प्रवास होऊ शकत नाही.

ज्या शहरात हे खेळ घडतात, तिथेच जयंत नारळीकर राहिले. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले. चांगल्या मराठी विज्ञानकथेत शास्त्रीय कल्पना हा कण्याचा भाग असतो. ‘हाफ-लाइफ’ची उणीव नेमकी इथे आहे: नायक भौतिकशास्त्रज्ञ, पण प्रयोगानंतर त्याचे भौतिकशास्त्र मागे पडते आणि पहार व बंदूकच बोलते.

ही उणीव भरून काढण्याजोगे लेखन आपल्या दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षे येत आहे. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे वाक्यात सांगावे लागते. खेळात ते खेळाडूच्या हातातल्या घड्याळावर दाखवता येईल आणि परतल्यावर ओळखीची प्रयोगशाळा ओस पडलेली त्याला स्वतःला सापडेल. त्यासाठी लागणारे तंत्रज्ञ पुण्यात आहेत, लेखकही आहेत. या दोघांनी एका टेबलाशी बसावे आणि पहिला प्रश्न ‘बंदूक कोणती?’ हा नसावा. ‘ट्रामच्या खिडकीतून काय दिसेल?’ हा असावा.