परसातील हौदाचे पाणी कोठे जाते?

उन्हाळ्यात हौदाचे पाणी दररोज उतरू लागले, की कोणी ‘तळ फुटला’ असे म्हणून गवंड्यास बोलावतो, तर कोणी ‘उन्हाने आटले’ असे म्हणून रोज नवे पाणी ओततो. ही दोन्ही अनुमाने मोजमापावाचून केलेली असतात. पहिले चुकल्यास पैसा वाया जातो. दुसरे चुकल्यास पाणी वाया जाते आणि घराचा पायाही धोक्यात येतो.

नागपूरच्या इतवारी भागातील एखाद्या जुन्या वाड्याच्या परसातील हौद डोळ्यांपुढे आणावा. मे महिन्यात येथील हवा अतिशय तप्त व कोरडी असते. दिनांक २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस तपमानाची नोंद झाली. अशा दिवसांत उघड्या पात्रातील पाणी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला एक सेंटिमीटर किंवा अधिकही उतरते. तेव्हा पातळी उतरली एवढ्यावरून गळती सिद्ध होत नाही.

तथापि गळतीचा संभवही असतोच. नागपूरच्या परिसरात आढळणारी काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हौदाखाली अशी माती असल्यास या ओढाताणीने तळास तडे जातात. उंबर-पिंपळाची मुळेही सांध्यांत शिरतात.

या दोन कारणांचा निवाडा साध्या बादलीने होतो. हौदात येणारे व त्यातून जाणारे पाणी बंद करावे. बादली पाण्याने जवळजवळ भरून हौदाच्या पायरीवर अशी ठेवावी, की तिचा काठ पाण्याच्या वर राहील व आतील आणि बाहेरील पाणी सुमारे एका पातळीत येईल. ती हलू नये म्हणून तीत वीट ठेवावी. बादलीच्या आत व हौदाच्या भिंतीवर पातळीच्या खुणा कराव्यात. तीन दिवस रोज सकाळी ठराविक वेळी माप घ्यावे. या काळात पाऊस पडल्यास किंवा कोणी पाणी उपसल्यास प्रयोग पुन्हा करावा.

ऊन व वारा दोघांनाही सारखाच लागतो; म्हणून बादलीतील घट ती बाष्पीभवनाची, आणि हौदातील जादा घट ती गळतीची समजावी. समजा, तीन दिवसांत बादलीत ३ सेंटिमीटर व हौदात ८ सेंटिमीटर घट झाली. तर गळती ५ सेंटिमीटर. हौद २ मीटर लांब व दीड मीटर रुंद असेल, तर हे पाणी १५० लिटर, म्हणजे दररोज ५० लिटर होते. हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घ्यावे.

गळतीची जागा शोधण्यासाठी हौदात नवे पाणी न भरता वाट पाहावी. पातळी एखाद्या ठिकाणी येऊन जवळजवळ स्थिरावली, तर छिद्र त्याच उंचीवर भिंतीत किंवा नळाच्या जोडाशी असते. पाणी उतरतच राहिले, तर दोष तळाचा होय. संशयित तड्याजवळ स्थिर पाण्यात शाईचा थेंब सोडावा. गळती असल्यास शाईची रेघ तिकडे ओढली जाते. असा तडा थोडा रुंद करून सिमेंटने भरावा व ते काम काही दिवस ओले ठेवावे.

इतवारीजवळील गांधीसागर, म्हणजे पूर्वीचा शुक्रवारी तलाव, यालाही हाच हिशेब लागू पडतो: आलेले पाणी एका बाजूस, वाहून गेलेले, वाफ झालेले व मुरलेले दुसऱ्या बाजूस. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. तलावातून मुरलेले पाणी आसपासच्या विहिरींस मिळू शकते. भिंतीलगतच्या हौदातून झिरपलेले पाणी पायाखालची माती फुगवून भिंतीस तडे पाडते. यास्तव शिक्षकबंधूंनी हा प्रयोग उन्हाळी सुटीपूर्वी शाळेत करून दाखवावा, म्हणजे मुले तो सुटीत घरच्या हौदावर करू शकतील.