मदतनिसाची आठवण आणि शाळेचा दाखला

सातवीसाठी विज्ञानाची एक प्रश्नावली तयार करायची आहे, असं समजा. तुम्ही नेहमीच्या एआय मदतनिसाला एवढंच सांगता, ‘उष्णतेवर दहा प्रश्न दे.’ प्रश्न मराठीत येतात. वाक्यं छोटी असतात. शेवटचे दोन प्रश्न घरच्या वस्तूंनी करून पाहायच्या कृतीचे असतात. यातलं काहीच तुम्ही या वेळी सांगितलेलं नसतं. पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, ते त्यानं ध्यानात ठेवलं.

आता हेच काम दुसऱ्या कंपनीच्या मदतनिसाला सांगून पाहा. तो कदाचित लांबलचक वाक्यं लिहील आणि आपल्या शाळेत नसलेली उपकरणं मागेल. दोघंही तितकेच हुशार. मग एकाला आपला वर्ग ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असं का? आणि पहिल्याजवळची माहिती दुसऱ्याला देता येईल का?

आठवण असते कुठे?

आपण बोलत जातो तसतसं हे यंत्र आपल्याबद्दल शिकत जातं, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. मदतनिसाच्या मुळाशी भाषेचं एक मॉडेल असतं. प्रचंड मजकूर वापरून ते घडवतात आणि त्या घडवण्यात अब्जावधी आकडे ठरतात. घडवणं संपलं की ते आकडे पक्के होतात. तुमच्याशी बोलताना त्यांतला एकही बदलत नाही. (तुमचा संवाद पुढचं मॉडेल घडवताना वापरला जाऊ शकतो, पण ती वेगळी गोष्ट झाली.) मॉडेल समोर ठेवलेला मजकूर वाचतं आणि त्यापुढचा मजकूर लिहितं. संवाद संपला की पाटी कोरी!

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं तेव्हा असंच होतं. आठवण ठेवण्याची सोय त्यात येणार असल्याचं फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालं. पुढे जेमिनी, क्लॉड यांतही ती आली. ती साधली कशी? मॉडेलला हात न लावता त्याच्या बाजूला एक वही ठेवून. ‘सातवीला शिकवतात’, ‘छोटी वाक्यं आवडतात’ अशी टिपणं त्या वहीत होतात. तुम्ही प्रश्न विचारला की ही टिपणं प्रश्नाला जोडून मॉडेलपुढे ठेवली जातात. काही मदतनीस जुने संवाद धुंडाळून उपयोगी वाटणारा भागही त्यात घालतात. तुम्हाला दिसतो फक्त प्रश्न. मॉडेल वाचतं टिपणं आणि प्रश्न.

वर्गात हे करून दाखवता येईल. एका मुलाला ‘मदतनीस’ करून बाहेर उभं करा. आत एकजण ग्राहक आणि एकजण टिपणं ठेवणारा. प्रत्येक प्रश्नाला मदतनीस म्हणून नवा मुलगा किंवा मुलगी आत येईल आणि टिपणवही वाचून उत्तर देईल. तीन-चार फेऱ्या झाल्या की मुलांच्या लक्षात येईल, की मदतनीस दर वेळी नवा असला तरी ग्राहकाला तो ओळखीचा वाटतो. आठवण मदतनिसाच्या डोक्यात नाही, ती वहीत आहे.

वही नेण्याचे तीन मार्ग

आठवण म्हणजे साधा मजकूर असेल, तर तो उचलून दुसरीकडे नेता यायला हवा. तसा तो येतोही.

पहिला मार्ग हाताचा. ‘माझ्याबद्दल तुझ्याकडे काय नोंदलेलं आहे, ते सगळं लिहून दे,’ असं पहिल्याला सांगायचं आणि मिळालेली यादी दुसऱ्याला द्यायची. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीनंच दिलेली आयात-निर्यातीची सोय. या दोन्हींत वहीची नक्कल होते. उद्या एकीत बदल केला, तर दुसरी जुनीच राहते.

तिसरा मार्ग वही एकच ठेवण्याचा. ती आपल्या ताब्यात, अगदी आपल्या संगणकावरही, राहील आणि जो मदतनीस कामाला येईल तो तीच उघडून पाहील. त्यासाठी मदतनीस आणि वही यांच्यात बोलण्याची ठरलेली रीत हवी. अशी एक खुली रीत अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४मध्ये जाहीर केली, तिचं नाव ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. आठवणी साठवणं हा तिच्या अनेक उपयोगांपैकी एक.

ठरलेल्या रीतीचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. एका संगणकावर टाइप केलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की चित्रविचित्र चिन्हं दिसत, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. प्रत्येक फाँट बनवणाऱ्यानं अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक होते. ते सर्वत्र वापरात यायला मात्र बरीच वर्षं गेली. आठवणींच्या वहीचं आज तसंच आहे. वहीपर्यंत पोचण्याची रीत ठरली, पण वहीत काय, कोणत्या रकान्यात लिहायचं याचा सर्वमान्य नमुना अजून ठरलेला नाही.

दाखल्यावर काय लिहावं?

समजा, नमुनाही ठरला. मग प्रश्न सुटला का? इथे शिक्षकांना जवळचं उदाहरण आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्याचं. मूल गाव बदलतं, दाखला बरोबर नेतं आणि नवी शाळा त्याला इयत्तेत बसवून घेते. रकाने ठरलेले असल्यानं कुठल्याही शाळेला तो वाचता येतो. पण त्याच्यावर सगळं नसतं. मूल डावखुरं आहे, गणिताला घाबरतं, घरी आजारपण आहे, हे वर्गशिक्षकांना ठाऊक असतं. कागदावर येत नाही. यातलं काही पुढच्या बाईंना कळलं तर बरं होईल. काही मात्र त्या शाळेतच राहिलेलं बरं. पाचवीत एकदा केलेली चोरी दहावीपर्यंत मुलाच्या मागे जावी का?

दाखल्यावरची चुकीची जन्मतारीख माणसाला किती वर्षं छळते, हेही आपण पाहिलेलं आहे. मदतनिसाच्या वहीतही चुका होतात. तुम्ही शेजाऱ्यांसाठी मधुमेहाच्या आहाराची चौकशी केलीत आणि वहीत नोंद झाली, ‘यांना मधुमेह आहे.’ एका वहीत आहे तोवर ती खोडता येते. चार ठिकाणी नक्कल गेली, तर कुठेकुठे खोडणार? शिवाय मदतनीस त्या नोंदीचा आधार घेतो, तेव्हा दर वेळी तसं सांगतोच असं नाही.

आणखी एक धोका आहे. टिपणं आणि प्रश्न मॉडेलपुढे एकत्रच येतात. त्यामुळे एखाद्या कागदपत्रात किंवा संकेतस्थळावर कुणी दडवलेली सूचना मदतनिसानं वाचली, तर तीही टिपण म्हणून वहीत शिरू शकते. असं करता येतं, हे २०२४मध्ये सुरक्षेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. वही सामायिक असेल, तर ही खोटी नोंद प्रत्येक मदतनिसापर्यंत पोचेल. वही वाचण्याची सोय जितकी मोठी, तितकी ती बिघडवण्याचीही!

वही कुणाची?

भारतात २०११पासून देशभर मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. क्रमांक अडकून पडत नाही, म्हणून गिऱ्हाईकही अडकून पडत नाही. आठवणींचंही तसंच आहे. दोन वर्षं शिकवून तयार केलेला मदतनीस सोडवत नाही, मग दुसरा चांगला असला तरी. युरोपीय संघात मे २०१८पासून लागू असलेल्या कायद्यानं आपण दिलेली वैयक्तिक माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क लोकांना दिला आहे. आपल्याकडच्या २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसण्याचा हक्क आहे. सोबत नेण्याचा मात्र नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? वर्षातून दोनदा, निदान नवा वर्ग हाती घेताना, मदतनिसाची वही उघडून वाचावी आणि जुनं, चुकीचं खोडावं. दुसरीकडे न्यायची असेल, तर सगळी न नेता निवडून न्यावी. ‘छोटी वाक्यं, मराठी, घरगुती साहित्य’ एवढं नेलं तरी काम भागतं. आणि मुलांची नावं, त्यांचे आजार, घरच्या अडचणी या वहीत मुळात लिहूच नयेत. आपल्या आवडीनिवडी कुणाला सांगायच्या हे आपण ठरवू शकतो. मुलांच्या बाबतीत तो अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

मुलांना एक गृहपाठ देता येईल. ‘तुमची ओळख म्हणून नव्या शाळेला पाचच वाक्यं पाठवायची आहेत. कोणती पाठवाल आणि कोणती मुळीच पाठवणार नाही?’ उत्तरं मोठ्यानं वाचायला लावू नका. ती मुलांच्याच वहीत राहू द्या.