मधलं नाव कुठून आणू?

गेल्या संक्रांतीला विद्यानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. बायकोला मदत म्हणून मी तिळाच्या वड्या वाटत होतो. शेजारच्या काकूंनी वडी हातात घेत विचारलं, "काय रे, तू कंपनीत नेमकं करतोस तरी काय?"

"सॉफ्टवेअर, काकू."

"ते हैदराबादेत सगळेच करतात. तू काय करतोस ते सांग."

मी दोन-तीन वाक्यं बोललो, पण ती माझी मलाच नीट कळली नाहीत. त्या दिवशी राहिलेलं उत्तर आज इथे लिहितो आहे. आपल्या मंडळातली बरीच मुलं इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनाही कदाचित उपयोग होईल.

खिडकीच्या मागे काय असतं?

आपल्याकडचं 'मीसेवा' केंद्र सगळ्यांना माहीत आहे. नव्याने आलेला मराठी माणूस ती पाटी वाचून "मी सेवा म्हणजे काय?" असं विचारतो आणि आपण हसतो. तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमची'. २००१ साली हैदराबादेत 'ई-सेवा' केंद्रं सुरू झाली, २०११ मध्ये 'मीसेवा' आली. त्याआधी विजेच्या बिलाला एक रांग, पाण्याच्या बिलाला दुसरी आणि जन्माच्या दाखल्याला तिसरी, असं होतं. आता खिडकी एकच आहे.

खिडकीवरच्या माणसाला वीज खातं आपले हिशेब कसे ठेवतं हे माहीत नसतं. त्याला दोनच गोष्टी कळाव्या लागतात: तिकडे काय पाठवायचं आणि तिकडून काय परत येणार. ग्राहक क्रमांक पाठवला की थकबाकीचा आकडा येतो. पैसे भरल्याचं कळवलं की पावती क्रमांक येतो. प्रत्येक खातं आपलं काम एक 'सेवा' म्हणून मांडतं आणि ती कशी मागायची याचा एक करार असतो. विमा, बँक, दवाखाना, रेल्वे आरक्षण अशी धंद्याची मोठी सॉफ्टवेअर आज बहुतेक याच पद्धतीने बांधतात. मी विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सेवा बांधतो.

आमची अवजारं

सुताराकडे करवत-रंधा असतो, तशी आमचीही अवजारं असतात. पहिलं अवजार करार लिहिण्याचं. २००१ च्या सुमारास त्यासाठी 'डब्ल्यूएसडीएल' नावाची एक्सएमएलमधली भाषा आली. ती माणसाने वाचावी अशी नव्हतीच, तिची पानंच्या पानं यंत्रासाठी असत. आज तेच काम बहुतेक ठिकाणी 'ओपनएपीआय' करतं. त्याचं आधीचं नाव 'स्वॅगर'. ही फाईल मात्र कॉलेजातल्या मुलालाही वाचता येते.

दुसरं अवजार करारावरून कोड तयार करणारं. २००२ च्या 'व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट'मध्ये दूरच्या सेवेचा पत्ता दिला की तिच्याशी बोलायचा कोड आपोआप तयार होई. जावावाल्यांसाठी 'एक्लिप्स' आणि तसे इतर स्टुडिओ होते.

तिसरं तपासणीचं. यातलं आज सर्वांच्या तोंडी असलेलं 'पोस्टमन' आपल्या देशातलं आहे. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये ते स्वतःची अडचण सोडवायला जोडकाम म्हणून लिहिलं आणि २०१४ मध्ये बंगळूरूत त्याची कंपनी झाली. सेवेला विनंती पाठवायची आणि उत्तर कराराप्रमाणे येतं का ते पाहायचं, इतकं ते सरळ आहे.

चौथं मला सर्वांत आवडतं. गणेशोत्सवात आपण एकांकिका बसवतो तेव्हा एखादा नट तालमीला येत नाही. मग दुसरा कोणी त्याची प्रॉक्सी देतो आणि तालीम चालू राहते. तसंच दुसऱ्या टीमची सेवा तयार नसेल तर करारावरून तिची नकली सेवा उभी करता येते. ती ठरलेली उत्तरं देत राहते आणि आमचं काम अडत नाही.

अशी अवजारं वापरण्यातच नव्हे, तर बनवण्यातही आपलं शहर जुनं आहे. मायक्रोसॉफ्टचं केंद्र इथे १९९८ मध्ये आलं आणि जावा जाणणाऱ्यांना डॉट नेटवर काम करता यावं म्हणून केलेलं 'व्हिज्युअल जे शार्प' इथेच घडलं. त्याच १९९८ साली सुरू झालेल्या हैदराबादच्या 'प्रमती' कंपनीने स्वतःचा जावा सर्व्हर केला आणि त्यावर प्रोग्रॅम बांधण्यासाठी स्वतःचा स्टुडिओही. पुढे २०१३ मध्ये याच कंपनीने 'वेव्हमेकर' हे कमीत कमी कोड लिहून अ‍ॅप बांधण्याचं अमेरिकेतलं अवजार विकत घेतलं.

एका ओळीची चूक

आता माझी गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एका विमा कंपनीचं काम होतं. मृत्यूनंतरचे दावे स्वीकारणारी सेवा माझ्याकडे होती. "नावं अर्धवट येतात, जुळत नाहीत," अशी तक्रार आली. मी करार उघडला. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने होते आणि मधलं नाव ऐच्छिक होतं. मी ते सक्तीचं केलं. बदल एका ओळीचा होता.

अवजारांनी आपलं काम चोख केलं. नवा कोड तयार झाला, सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या. येणारच होत्या, कारण चाचणीची नावं मीच भरली होती: माझं, बाबांचं, दोन काकांचं, मामाचं. प्रत्येकाच्या मधे वडिलांचं नाव. आपल्याला नाव म्हटलं की तसंच सुचतं.

तेलुगू घरांत आधी घराण्याचं नाव येतं, बहुधा आद्याक्षराच्या रूपात, आणि मग स्वतःचं. वडिलांचं नाव मधे घालायची रीत तिथे नाही. सोमवारी बदल चालू झाला आणि नियमाने दावे परत जाऊ लागले. कुठेही लाल दिवा लागला नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती बिघाडाची बाब नव्हतीच, 'अपुरी माहिती' होती. आमच्या लक्षात यायला गुरुवार उजाडला.

मॅनेजरने मला ओरडण्याऐवजी ग्राहक केंद्रावर आलेला एक फोन ऐकवला. एक म्हातारी बाई तेलुगूत बोलत होत्या. दोनदा अर्ज परत आला होता. त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या: "माझ्या नवऱ्याला मधलं नाव नव्हतं हो. आता ते वारले. मी कुठून आणू?"

शेजारी बसणारा माझा तेलुगू मित्र एवढंच म्हणाला, "एकदा माझं नाव टाकून बघायचं होतंस."

त्याच दुपारी ती ओळ मागे घेतली, अडकलेले दावे शोधून पुन्हा चालवले. पण तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासूनचे नियम

पहिला नियम: चालू करारात ऐच्छिक गोष्ट सक्तीची करायची नाही. करायचीच असेल तर कराराची नवी आवृत्ती काढायची, जुनी सोबत चालू ठेवायची आणि वापरणाऱ्यांना वेळ द्यायचा. दुसरा: सेवा वापरणाऱ्या टीमनेच आपल्या अपेक्षा लिहून द्यायच्या आणि प्रत्येक बदल त्यांच्यावर तपासायचा. यासाठी 'पॅक्ट'सारखी अवजारं आहेत. तिसरा नियम मात्र कुठल्या अवजारात मिळत नाही. चाचणीच्या नावांची एक यादी मी जपून ठेवली आहे. तिच्यात तेलुगू आद्याक्षरांची नावं आहेत, जुन्या शहरातली मुस्लिम नावं आहेत, एकाच शब्दाचं नाव आहे आणि लग्नानंतर नाव न बदललेली माझी बायकोही आहे.

शिकणाऱ्या मुलांना सांगेन, सुरुवात छोटी करा. मंडळाच्या वर्गणीची पावती देणारी एक सेवा बांधा. आधी करार लिहा, मग कोड. आता एआयला सांगितलं की करार मिनिटात लिहून मिळतो. पण 'हा रकाना प्रत्येकाला भरता येईल का?' हे आपणच विचारायचं असतं.

हे सगळं मी नंतर एकदा काकूंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आपल्या मंडळाच्या सभासद फॉर्मवर बायकांना 'पतीचे नाव' सक्तीचं का रे? माझी लेक तिथेच अडकली. तिने लग्न केलेलं नाही."

तो ऑनलाइन फॉर्म मीच करून दिला होता. जुना कागदी फॉर्म समोर ठेवून जसाच्या तसा उतरवला होता. कमिटीला विचारून त्या रकान्यापुढची लाल चांदणी मी त्याच रात्री काढली. काकूंची लेक आता सभासद आहे.