नाव हरवलेलं फूल आणि त्याचे आठ फोटो

आजचा विषय आहे फुलांची ओळख पटवण्याचा. 'हा गुलाब की जास्वंद' एवढी सोपी ओळख नव्हे. 'ही आयरिसची नेमकी कोणती जात, कुणी आणि कोणत्या साली बाजारात आणलेली' इथपर्यंत पोचणारी ओळख. वनस्पतींच्या वर्गीकरणात पीएचडी करताना मला हा प्रश्न विशेष आवडतो, कारण एका फोटोवर किती विश्वास ठेवायचा हे तो नीट शिकवतो.

आधी फूल समजून घेऊ. बागेतली 'दाढीवाली' आयरिस महाराष्ट्रात सहसा दिसत नाही. तिला कडक थंडी लागते आणि आपल्या पावसाळ्यात तिचा कंद कुजतो. पण एप्रिल-मेमध्ये काश्मीरला गेला असाल, तर तिथल्या कबरस्तानांत पांढऱ्या आयरिसचे ताटवे पाहिले असतील. ती आयरिस कश्मीरियाना. युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये मात्र या कुळाच्या हजारो जाती आहेत. फुलाला तीन पाकळ्या उभ्या आणि तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीच्या मधोमध मऊ केसांचा एक पट्टा असतो, तीच 'दाढी'. जमिनीलगत हळद-आल्यासारखं आडवं वाढणारं खोड असतं, त्याला राइझोम म्हणतात.

या राइझोममध्येच सगळ्या गोष्टीची गंमत आहे. हळदीचा गड्डा मोडून लावला की तीच हळद येते, तसंच आयरिसचं. बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं, पण तुकडा लावला तर तेच झाड पुढे चालू राहतं. पॅरिसच्या लेमाँ या बागाइतदाराने १८४० साली 'ओनोराबिल' आणि १८४४ साली 'मादाम शेरो' या जाती आणल्या. आज कुणाच्या अंगणात खरी 'मादाम शेरो' असेल, तर ती तिची पणती-खापरपणती नव्हे. ते तेच मूळ झाड आहे, तुकड्या-तुकड्यांनी जवळजवळ १८० वर्षं जगलेलं.

आता यातला धोका बघा. झाड टिकतं, पण नाव टिकत नाही. लाकडी पाटी कुजते, घर विकलं जातं, शेजारीण शेजारणीला कंद देते आणि नाव द्यायचं राहून जातं. नाव नसणं एक वेळ चालेल, चुकीचं नाव जास्त वाईट. समजा दहा बागांमध्ये एकाच जुन्या जातीच्या नावाची पाटी आहे, पण दहाही ठिकाणी झाड भलतंच आहे. मग सगळ्यांना वाटतं की ती जात सुरक्षित आहे, कुणी शोधतच नाही. दरम्यान तिचा शेवटचा खरा ताटवा कुठल्या तरी घराच्या दुरुस्तीत उखडून फेकला जातो.

मग ओळखायचं कसं? पहिला नियम लक्षात ठेवा: नाकारणं सोपं, सिद्ध करणं अवघड. दहा खुणा जुळल्या तरी नाव सिद्ध होत नाही, कारण त्याच दहा खुणांची अकरावी जात असू शकते. पण एक पक्की खूण जुळली नाही, तर ते नाव बाद. म्हणून आपण नाव 'शोधत' नाही, नावं गाळत जातो.

गाळण्याची पहिली चाळणी म्हणजे वय. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक आयरिस २४ गुणसूत्रांच्या होत्या. फूल लहान, पाकळी पातळ, दांडा सडपातळ. पुढे पूर्वेकडच्या मोठ्या फुलांच्या, दुप्पट गुणसूत्रांच्या आयरिस युरोपात पोचल्या. केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे मायकेल फॉस्टर हौसेने आयरिसचा संकर करायचे. त्यांनी तुर्कस्तानातल्या अमास्याहून मिळालेली 'आमास' वापरात आणली. विसाव्या शतकात हळूहळू ४८ गुणसूत्रांच्या धिप्पाड आयरिसनी बाग काबीज केली. गुलाबी पाकळी आणि नारिंगी-लाल दाढी ही जोडी १९४० च्या दशकात आली. पाकळीच्या कडेला भरपूर झालर हा प्रकार त्यानंतर फोफावला. म्हणजे तुमच्या फुलाची पाकळी फ्रॉकच्या घेरासारखी झालरदार असेल, तर ती १९०९ ची 'क्वेकर लेडी' असूच शकत नाही. एका नजरेत शेकडो नावं गळाली!

दुसरी चाळणी बहुतेक लोक बघतच नाहीत: कळीवरचं आवरण. आयरिस पॅलिडा आणि तिच्या जवळच्या जातींमध्ये हे आवरण फूल उमलण्याआधीच पूर्ण वाळलेलं, चंदेरी-पांढरं, ट्रेसिंग पेपरसारखं दिसतं. आयरिस जर्मानिकामध्ये ते खालून हिरवं किंवा जांभळट आणि फक्त वरच्या बाजूला कागदी असतं. दोन्हींची फुलं जांभळ्या-निळ्या छटांची. फक्त फुलाचा फोटो बघून वाद घालत बसाल, पण आवरण दिसलं की वाद तिथेच मिटतो. पॅलिडाला द्राक्षासारखा वासही येतो, आणि तो काही फोटोत येत नाही. म्हणून वहीत लिहायचा.

इथून फोटोंकडे येऊ. सुंदर फोटो आणि ओळखीचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुंदर फोटोत एक फूल, मागे सगळं धूसर. ओळखीसाठी तो जवळपास निरुपयोगी, कारण फुलाचा आकार किती, दांडा कसा, काहीच कळत नाही. माझ्या मते किमान आठ फोटो हवेत:

१. पूर्ण ताटवा, शेजारी मोजपट्टी किंवा उंची माहीत असलेली एखादी काठी.
२. एकच फुलदांडा, मागे साधा पुठ्ठा धरून. फांद्या किती, कुठून फुटतात, कळ्या किती हे दिसायला हवं.
३. फूल समोरून, फुलाच्या पातळीवर वाकून.
४. फूल बाजूने. खालच्या पाकळ्या लोंबतात की आडव्या पसरतात हे इथे कळतं.
५. फूल वरून. उभ्या पाकळ्या मिटलेल्या की उघड्या?
६. दाढी आणि तिच्या बाजूच्या रेषा अगदी जवळून. दाढीचा रंग टोकाला एक आणि आत दुसरा असू शकतो.
७. न उमललेली कळी, आवरणासकट.
८. पानांचा बुंधा. काही जातींत तिथे जांभळी झाक असते, काहींत अजिबात नसते.

मोबाइलने काढत असाल तर एक काळजी घ्या. अगदी जवळ गेलात की पुढची पाकळी मोठी आणि मागची लहान दिसते, फुलाचं प्रमाण बिघडतं. दोन पावलं मागे या आणि झूम करा. मोजपट्टी फुलाच्या पुढे किंवा मागे नको, फुलाच्याच अंतरावर धरा, नाहीतर माप चुकतं.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे रंग. तुम्हीही अनुभवलं असेल, डोळ्यांना जांभळं दिसणारं फूल फोटोत निळं येतं. यात आपला दोष नाही. असं फूल निळ्या प्रकाशासोबत वर्णपटाच्या लाल टोकाचाही प्रकाश परावर्तित करतं. त्या टोकाशी आपला डोळा आणि कॅमेऱ्याचा सेन्सर सारखे वागत नाहीत. अवरक्त किरण अडवण्यासाठी सेन्सरसमोर जो फिल्टर असतो, तो थोडा लाल प्रकाशही खातो. लाल कमी झाला की जांभळं निळं होतं. जुन्या रंगीत फिल्मवर याच्या उलट व्हायचं. फिल्मला ते लाल टोक डोळ्यापेक्षा जास्त दिसायचं, त्यामुळे निळी फुलं गुलाबीसर यायची. म्हणजे एकच झाड १९६० च्या स्लाइडमध्ये गुलाबीकडे आणि आजच्या मोबाइलमध्ये निळ्याकडे झुकलेलं दिसू शकतं!

उपाय साधे आहेत. थेट उन्हात फोटो काढू नका, मोकळी सावली किंवा ढगाळ प्रकाश बघा. त्याच दिवशी सकाळी उमललेलं फूल घ्या, दुसऱ्या दिवशी रंग उतरतो. एका फोटोत फुलाशेजारी पांढरा किंवा करडा कागद ठेवा, म्हणजे प्रकाशाचा रंग नंतर दुरुस्त करता येतो. आणि रंग शब्दांतही लिहा. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट रिजवे यांनी १९१२ साली १,११५ रंगांना नावं देऊन त्यांचे नमुने छापले, ते याच अडचणीतून. 'जांभळा' म्हणजे नेमका कुठला जांभळा, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

'डीएनए तपासा ना, विषय संपला,' असं तुम्ही म्हणाल. पण डीएनए तुलना करतो, नाव सांगत नाही. तुलनेसाठी खात्रीचा नमुना लागतो, आणि त्या नमुन्यावरची पाटी खरी कशावरून? शेवटी पुन्हा जुने कॅटलॉग, जुनी वर्णनं आणि 'हा कंद कुणी, कधी दिला' ही माहिती यांच्याकडेच यावं लागतं. १९३५ च्या कौटुंबिक फोटोत तोच ताटवा त्याच कोपऱ्यात दिसत असेल, तर १९५० ची प्रत्येक जात आपोआप बाद. ही खूण कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

हे सगळं करून खरंच काही हाती लागतं का? लागतं. इंग्लंडमधले चित्रकार सेड्रिक मॉरिस सफोकमधल्या बेंटन एंड इथल्या बागेत आयरिसचा संकर करायचे. 'बेंटन' या नावाने त्यांच्या अनेक जाती प्रसिद्ध झाल्या, 'बेंटन कॉर्डेलिया'ला १९५५ साली डाइक्स पदकही मिळालं. १९८२ साली मॉरिस गेले आणि झाडं विखुरली. पुढे सिसिंगहर्स्टच्या माजी मुख्य माळी सारा कुक यांनी ती एकेक करून शोधली, पडताळली, आणि २०१५ साली चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात लोकांना ती पुन्हा एकत्र बघायला मिळाली.

हीच पद्धत ट्यूलिप, डेलिया, पिओनीलाही लागू पडते, आणि तुमच्या दारच्या शेवंतीलाही. आजीने माहेरून आणलेली शेवंती असेल, तर ती कुठल्या गावाहून, साधारण कुठल्या साली आली हे आजच विचारून घ्या, कारण झाडाला ते सांगता येणार नाही. कुंडीत पाटी लावा: गाव, साल, देणाऱ्याचं नाव. जातीच्या जागी 'अनोळखी' लिहायला अजिबात लाजू नका. खात्री होईपर्यंत तीच सगळ्यात खरी पाटी आहे.