जात्यापाशी, मळ्यात, महाद्वाराबाहेर

सोलापूर जिल्ह्यात मोडनिंबजवळ अरण नावाचं गाव आहे. सावता माळी तिथले. आषाढीला राज्यभरातून संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांची पालखी जात नाही. आषाढी झाली की पांडुरंगाचीच पालखी त्यांना भेटायला अरणला येते. पंढरी इतकी जवळ असून सावतोबा मळा सोडून कधी तिकडे गेले नाहीत, असं परंपरा सांगते. १२९५ साली त्यांनी देह ठेवला. वारी हाच ज्यांचा प्राण, त्या वारकऱ्यांनी वारीला न जाणाऱ्या माळ्याला एवढा मान द्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संसारात राहून देव मिळतो का, हा प्रश्न त्या काळात साधा नव्हता. ज्ञानदेवांच्या वडिलांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले, आणि त्याची शिक्षा चारही मुलांनी भोगली. संसार सोडणारा मोठा, त्यात परतणारा पतित, असा तो हिशेब होता. अशा वेळी तेरचे गोरोबा चिखल तुडवत, नरहरी सोनार दागिने घडवत, सेना न्हावी हजामत करत नाम घेत होते. आपापल्या धंद्यातली अवजारं आणि शब्द या मंडळींनी अभंगात आणले. पोट भरण्याचं काम आणि देवाचं काम यांच्यात त्यांनी भिंत ठेवली नाही.

या सगळ्यांत मला जनाबाई सर्वांत जवळची वाटते. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी वाढली, तिथेच राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो तिच्यासोबत दळायला बसतो, तिची वेणीफणी करतो. ती त्याच्यावर रागावते, त्याला टाकून बोलते. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागले की दळण हलकं होतं, हे दळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. जनीने देवाकडे मोक्षाच्या आधी हा दुसरा हात मागितला, असं तिचे अभंग वाचताना मला वाटतं. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, एकटीने उपसायच्या कामात कुणाची तरी सोबत असावी, ही मागणी लहान नाही.

पुढच्या कित्येक पिढ्यांच्या बायकांनी ती सोबत ओवीतून मिळवली. साने गुरुजींनी अशा ओव्या मिळवून ‘स्त्रीजीवन’मध्ये छापल्या. नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत पंढरी आहे, राम-सीता आहेत, भाऊ आणि माहेर आहे, सासुरवास आहे, बाबासाहेबही आहेत. पोथी वाचता न येणाऱ्या बायकांनी आपल्या आयुष्याचा अर्थ पीठ पडता पडता लावला. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी त्यांच्यातल्याच. लिहिता येत नव्हतं, तरुणपणी वैधव्य आलं, आणि शेतात-घरात काम करताना त्यांनी रचलेली गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. गिरणी आली आणि बाईचे खांदे सुटले, हे फार चांगलं झालं. ओवी थांबली म्हणून जातं परत यावं, असं मला कधीही वाटणार नाही.

कारण कामात देव आहे हे वाक्य कोण कोणाला ऐकवतो, ते आधी पाहावं लागतं. राबणाऱ्याने स्वतःच्या अनुभवातून म्हटलं तर ती श्रद्धा. राबवून घेणाऱ्याने त्याला ऐकवलं तर ती सोय. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चोखोबांच्या, म्हणजे संत चोखामेळ्यांच्या, आयुष्यात हे लख्ख दिसतं. मंगळवेढ्याला १३३८ मध्ये गावकुसाचं काम वेठीने चाललं असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांसोबत चोखोबा तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर. हयातभर ज्या दारात थांबावं लागलं, त्याच दारात. विटाळ कसला, असा प्रश्न त्यांची पत्नी सोयराबाईने अभंगात विचारला. मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. त्या घरातल्या भक्तीत समर्पण होतं आणि सवालही होता. पुढच्या काळाने समर्पणाचे गोडवे गायले आणि सवाल बाजूला ठेवला, ही आपल्या परंपरेतली मोठी खोट आहे. विसाव्या शतकात इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हाही एकाच वाटेवर चालणाऱ्यांच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसलेल्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांना ते सललं.

ते महाद्वार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल यावं लागलं. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं आणि मग १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. ते १० मेपर्यंत चाललं. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे नऊ वर्षं झाली होती. दुसरीकडे, बाबासाहेब आंबेडकरांचा मंदिरप्रवेशावरचा विश्वास त्याआधीच उडाला होता. मात्र अस्पृश्यतेच्या उगमावरचा १९४८ मधला आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. ज्या श्रद्धेत माणसाला ताठ मानेने उभं राहता येत नाही ती सोडून देणं, हीसुद्धा अर्थाच्या शोधातलीच वाट आहे. मला ती चोखोबांच्या सवालाचंच उत्तर वाटते.

गाडगेबाबा या दोन्ही वाटांवरच्या माणसांचे होते. १९०५ मध्ये घर सोडलेल्या या माणसाने दिवसा खराट्याने गाव झाडलं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारले: कर्ज काढून लग्न का, नवसाला बकरं का, पोरगं शाळेत का नाही. पंढरपूरला बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले, २० डिसेंबरला गाडगेबाबा.

गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. उपचारासाठी लांबून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. महिनोन्‌महिने चालणारे उपचार आणि मुंबईची भाडी, यात एखादं शेतकरी कुटुंब कसं टिकणार? आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसाला आयुष्याच्या अर्थाविषयी बोलायला उसंत नसते. गोळ्यांची वेळ, केसपेपर, उद्याची रांग, गावाकडे राहिलेली मुलं, यातच दिवस संपतो, आणि बहुतेक घरांत हा भार एकाच बाईवर असतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाजवळ अशी जागा हवी: रात्री पाठ टेकायला, चार भाकरी भाजायला, घटकाभर आजाऱ्याला दुसऱ्या कुणावर सोपवून डोळा लावायला. देवस्थानांच्या विश्वस्तांनी हे काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. सप्ताहासाठी गावं आजही घरटी वर्गणी जमवतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात, पहारे वाटून घेतात. ही घडी बसलेली आहे. ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत न्यायची आहे.